एक दात, एक गेम आणि बर्फात हरवलेली १२९ माणसं: ध्रुवीय मोहिमांना नवे चाहते कुठून मिळतायत?

सप्टेंबर २०२४ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या.

पहिली गेमिंगच्या दुनियेतली. 'फ्रॉस्टपंक २' हा गेम बाजारात आला. यात सगळं जग गोठलेलं आहे, कोळसा आणि तेल संपत चाललंय आणि एका शहरातली माणसं जगवायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

दुसरी बातमी कॅनडातून आली. आर्क्टिकमधल्या एका निर्जन किनाऱ्यावर सापडलेल्या जबड्यातल्या दाढेची डीएनए चाचणी झाली होती. ती दाढ जेम्स फिट्झजेम्स यांची निघाली. 'एरेबस' या ब्रिटिश जहाजाचे हे कप्तान १८४८ नंतर कोणालाच दिसले नव्हते. जबड्याच्या हाडावर सुरीच्या खुणा होत्या. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर उपाशी सहकाऱ्यांनी त्यांचं मांस खाल्लं होतं.

पहिली बातमी गेमरसाठी आणि दुसरी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी, असं वाटू शकतं. पण सोशल मीडियावर दोन्हींची चर्चा करणाऱ्यांत बरीच माणसं तीच होती. ड्रॅगन, जादू आणि गोठलेल्या राज्यांचे गेम खेळणारी तरुण मुलं-मुली १८४५ सालच्या नौदल अधिकाऱ्यांची पत्रं वाचतायत, त्यांची चित्रं काढतायत, त्यांच्यावर कथा लिहितायत.

हे वेड नेमकं आलं कुठून? आणि त्यातून इतिहासाचं भलं होतंय की नुकसान?

आधी मूळ गोष्ट: १८४५ मध्ये काय झालं होतं?

१९ मे १८४५ रोजी 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाली. मोहिमेचे प्रमुख होते सर जॉन फ्रँकलिन. काम होतं अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना जोडणारा, कॅनडाच्या उत्तरेकडून जाणारा सागरी मार्ग शोधणं. याच मार्गाला नॉर्थवेस्ट पॅसेज म्हणतात.

तयारीत कुठलीही कसर नव्हती. जहाजांच्या पुढच्या भागाला लोखंडी पत्रा मारलेला. आत वाफेची इंजिनं. तीन वर्षं पुरेल एवढं अन्न, त्यात हजारो डबाबंद पदार्थ. वाचायला प्रत्येक जहाजावर हजाराहून जास्त पुस्तकं.

ग्रीनलंडहून पाच जण परत पाठवण्यात आले. उरलेले १२९ जण पुढे गेले. जुलै १८४५ च्या अखेरीस व्हेल पकडणाऱ्या दोन जहाजांनी त्यांना पाहिलं. त्यानंतर कोणत्याही युरोपीय माणसाला त्यातलं कोणी जिवंत दिसलं नाही.

पुढचं कळलं ते एका कागदामुळे. १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत, एका पत्र्याच्या नळकांड्यात तो मिळाला. सप्टेंबर १८४६ मध्ये जहाजं बर्फात अडकली. ११ जून १८४७ ला फ्रँकलिन वारले. २२ एप्रिल १८४८ ला जहाजं सोडून दिली. तोवर २४ जण गेले होते. उरलेले १०५ जण 'टेरर'चे कप्तान फ्रान्सिस क्रोझिअर यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेकडे पायी निघत होते.

तीन वर्षांच्या सफरीचा हा सगळा हिशेब एकाच कागदावर आहे. आधी लिहिलेल्या मजकुराभोवतीच्या कोऱ्या समासात, कागद फिरवत फिरवत तो लिहिलाय. हस्ताक्षर फिट्झजेम्स यांचं. त्या १०५ जणांपैकी एकही परतला नाही.

गेमर या गोष्टीकडे का ओढले जातात?

याचं एक उत्तर सरळ आहे. ही गोष्ट एखाद्या गेमसारखीच उलगडते.

'स्कायरिम' हा २०११ सालचा गेम ज्यांनी खेळलाय, त्यांना हे लगेच कळेल. तुम्ही एका गोठलेल्या गुहेत शिरता. कोपऱ्यात सांगाडा पडलेला असतो, शेजारी चिठ्ठी. ती वाचली की इथे काय घडलं असेल त्याचा अंदाज येतो. कोणी काही समजावून सांगत नाही, पडलेल्या वस्तूच बोलतात.

फ्रँकलिन मोहिमेचा इतिहास असाच हाती आलाय, एकेका वस्तूतून. १८५९ मध्येच शोधपथकाला किनाऱ्यावर स्लेजवर चढवलेली एक होडी सापडली. आत दोन सांगाडे होते. त्यांच्यासोबत चहा, सुमारे १८ किलो चॉकलेट, साबण, चपला, पुस्तकं आणि चांदीचे काटे-चमचे. उपाशी माणसं चांदीचे चमचे का ओढत होती? यावर पावणेदोनशे वर्षं वाद चाललाय. सामानाच्या मर्यादित जागेत काय ठेवायचं आणि काय टाकायचं यावर तासन् तास घालवणाऱ्या गेमरला हा प्रश्न परका वाटत नाही.

दुसरं कारण म्हणजे सोबती. फँटसी गेममध्ये नायक सहसा एकटा नसतो. 'बाल्डर्स गेट ३' सारख्या गेममध्ये खेळाडूला लढायांपेक्षा आपल्या टोळीतली माणसंच जास्त लक्षात राहतात. कोण कोणाशी भांडलं, कोणाचं गुपित कधी उघडलं, शेवटपर्यंत कोण टिकलं. ध्रुवीय मोहीमही अशीच. ठरावीक माणसं, बंद जागा, बाहेर अंधार, आणि प्रत्येकाचा स्वभाव हळूहळू उघडा पडतोय.

तिसरं कारण निवडीचं. 'फ्रॉस्टपंक'चा पहिला भाग एप्रिल २०१८ मध्ये आला. त्याची कथा १८८६ मधल्या एका काल्पनिक हिमयुगात घडते. खेळाडूला तिथे 'कॅप्टन' म्हणतात. थंडी वाढत जाते आणि एकेक कायदा करायची वेळ येते. लहान मुलांना कामाला लावायचं का? जेवणात लाकडाचा भुसा मिसळायचा का? सलग २४ तासांची पाळी लावायची का? शेवटी शहर वाचलं तरी गेम विचारतो, याची एवढी किंमत मोजायला हवी होती का?

हा गेम खेळून उठलेल्या माणसाने क्रोझिअर यांच्याबद्दल वाचलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्यांच्या जागी मी काय केलं असतं?

मग मालिका आली आणि वणवा पेटला

'फ्रॉस्टपंक'च्या महिनाभर आधी, मार्च २०१८ मध्ये, 'द टेरर' ही दहा भागांची अमेरिकी मालिका सुरू झाली. आधार होता डॅन सिमन्स यांची २००७ ची याच नावाची कादंबरी. जहाजं खरी, माणसं खरी, तारखाही बहुतेक खऱ्या. फक्त एक गोष्ट कल्पनेतली: बर्फातून माणसांची शिकार करणारा एक अमानवी प्राणी.

म्हणजे नौदलाच्या इतिहासात फँटसी मिसळलेली होती, आणि ती आवडणारा प्रेक्षक गेमिंगने आधीच तयार करून ठेवला होता. मालिका तेव्हा फार गाजली असं नाही. पण नंतर तिला जे चाहते मिळत गेले, ते चिवट निघाले. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संकेतस्थळांवर या मालिकेवरच्या कथा हजारोंच्या संख्येने आहेत.

एरवी असा ज्वर नवी मालिका आली की उतरतो. इथे उलटं झालं. चाहते मालिकेकडून कागदपत्रांकडे गेले. कारण मालिकेतलं पात्र आवडलं, तर त्या खऱ्या माणसाची पत्रं वाचायला मिळत होती. १८४५ मध्ये निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांचे फोटो काढले होते, तेही पाहता येत होते. मोहिमेवरच्या माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांचा एक जाडजूड संग्रह २०२२ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला विद्यापीठाबाहेरचा वाचकवर्ग तयारच होता.

बातम्याही येत राहिल्या. मार्च २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळ ३,००८ मीटर खोल पाण्यात शॅकल्टन यांचं 'एन्ड्युरन्स' सापडलं. जून २०२४ मध्ये त्यांचं शेवटचं जहाज 'क्वेस्ट' कॅनडाच्या किनाऱ्याजवळ मिळालं. दर वेळी चाहत्यांचा घोळका वाढत गेला.

पण हे वेड नवं आहे का?

नाही. बर्फ आणि कल्पनारम्य साहित्य यांचं नातं दोनशे वर्षांचं आहे.

मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ ची. तिची सुरुवात आणि शेवट उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या, बर्फात अडकलेल्या जहाजावर होतो. त्याच वर्षी ब्रिटनने नॉर्थवेस्ट पॅसेज शोधायला नवी मोहीम पाठवली होती. नकाशाचा तो भाग तेव्हा कोरा होता, आणि लेखकाला हवा तो राक्षस तिथे ठेवता येत होता. आजच्या गेममधली गोठलेली उत्तर दिशा त्याच कोऱ्या जागेतून आलीय.

फ्रँकलिन यांच्या वेडाने झपाटलेल्या जुन्या चाहत्यांत दोन मोठी नावं आहेत. आजचं हे वेड कुठे जाऊ शकतं, ते या दोघांकडे पाहिलं की कळतं.

पहिला चाहता: चार्ल्स डिकन्स

१८५४ मध्ये जॉन रे नावाचे स्कॉटिश डॉक्टर आणि प्रवासी आर्क्टिकमधून बातमी घेऊन आले. त्यांना इनुइट लोक भेटले होते. इनुइट म्हणजे त्या प्रदेशात हजारेक वर्षं राहणारे मूळ रहिवासी. त्यांनी रे यांना सांगितलं की गोरी माणसं चालता चालता उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मृत सहकाऱ्यांचं मांस खाल्लं. पुरावा म्हणून त्यांच्याकडे फ्रँकलिन यांच्या जहाजावरच्या वस्तू होत्या.

लंडनमध्ये गहजब झाला. फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन संतापल्या. त्यांच्या बाजूने मैदानात उतरले इंग्लंडचे सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. आपल्या साप्ताहिकात त्यांनी डिसेंबर १८५४ मध्ये लेख लिहिले. त्यांचा सूर असा होता की इंग्लिश नौदलाचे शूर लोक असं करूच शकत नाहीत, इनुइटांच्या साक्षीवर विश्वास ठेवायचं कारण नाही, उलट त्यांनीच आपल्या माणसांना मारलं नसेल कशावरून?

डिकन्स आर्क्टिकला कधी गेले नव्हते आणि इनुइट माणसाशी बोलले नव्हते. त्यांच्याकडे प्रवासवर्णनं होती आणि नायकांवरचं प्रेम होतं. पुढे विल्की कॉलिन्स यांनी त्यांच्या सहकार्याने आर्क्टिक मोहिमेवर नाटक लिहिलं. जानेवारी १८५७ मध्ये ते रंगलं, तेव्हा स्वार्थत्याग करून मरणाऱ्या नायकाची भूमिका खुद्द डिकन्स यांनी केली. आजच्या भाषेत हे फॅन फिक्शनच होतं. पात्रावर जीव जडला आणि पात्राला न शोभणारा पुरावा नाकारला गेला.

या नकाराची किंमत मोठी होती. 'सगळ्यांना ठाऊक असलेला' इतिहास आणि इनुइटांचा इतिहास वेगळे झाले. १८६० च्या दशकात अमेरिकी प्रवासी चार्ल्स फ्रान्सिस हॉल यांनी टुकुलिटो आणि इपिर्विक या इनुइट दांपत्याच्या मदतीने आणखी साक्षी जमवल्या. त्याही बराच काळ दुय्यम मानल्या गेल्या.

दुसरा चाहता: रोआल्ड अमुंडसेन

नॉर्वेचे अमुंडसेन किशोरवयात फ्रँकलिन यांच्या आधीच्या एका मोहिमेबद्दल वाचून भारावले होते. त्या मोहिमेतल्या हालअपेष्टांचंच त्यांना आकर्षण वाटलं, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलंय. थंडीची सवय व्हावी म्हणून ते ऐन हिवाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून झोपत. आज त्यांना कोणीही कट्टर चाहता म्हटलं असतं.

पण १९०३ मध्ये स्वतः नॉर्थवेस्ट पॅसेजच्या शोधात निघताना त्यांनी फ्रँकलिन यांची नक्कल केली नाही. १२९ च्या जागी माणसं अवघी सात. मोठ्या जहाजाच्या जागी 'यॉआ' नावाची छोटी मासेमारी नौका. आणि मुक्काम कुठे? किंग विल्यम बेटावरच, जिथे फ्रँकलिन यांची माणसं मेली होती.

तिथे ते सुमारे दोन वर्षं राहिले आणि शेजारच्या इनुइटांकडून शिकले. कातड्याचे सैलसर कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची स्लेज कशी हाकायची, बर्फाचं घर कसं बांधायचं. १९०६ मध्ये त्यांची नौका पलीकडे पोहोचली. हा मार्ग संपूर्णपणे जहाजाने पार करणारी ती पहिलीच. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोहोचताना हीच शिकवण त्यांच्या कामी आली.

ज्या बेटावर शंभराहून जास्त ब्रिटिशांच्या दृष्टीने जगणं अशक्य होतं, तिथे इनुइट लोक मुलं वाढवत होते. अमुंडसेन थांबले त्या जागेला इनुइट भाषेत उक्सुक्तुक म्हणतात, अर्थ साधारण 'भरपूर चरबी असलेली जागा'. म्हणजे जिथे खायला मिळतं अशी जागा.

दोघांच्याही प्रेमात कमतरता नव्हती. डिकन्स यांनी ऐकायला नकार दिला आणि अमुंडसेन शिकायला बसले, एवढाच फरक.

आजचे चाहते कोणत्या वाटेवर आहेत?

दोन्ही. आणि यात गेमिंगची भूमिका दुहेरी आहे.

धोका असा की गेम आपल्याला शिकवतो, योग्य निर्णय घेतले की माणसं वाचतात. हरलात तर आधीची फाइल उघडा, दुसरा पर्याय निवडा. मग क्रोझिअर यांनी पूर्वेला जायला हवं होतं का, जहाजं सोडायला नको होती का, डबे फेकायला हवे होते का, यावर वाद रंगतात. वाद मजेशीर आहेत. पण १८४८ च्या एप्रिलमध्ये त्या माणसांपुढे चांगला पर्याय उरला होता का, हाच मुळात प्रश्न आहे. शंभर माणसांचा जथा त्या ओसाड किनाऱ्यावर शिकारीवर जगू शकत नव्हता. चूक एखाद्या वळणावर झाली नाही. आपलं सगळं जग जहाजात भरून नेता येतं आणि वाटेतल्या माणसांची गरज पडत नाही, हे लंडनमध्ये आधीच ठरवून टाकलं गेलं होतं. गेममध्ये नियम बनवणारा दिसत नाही, त्यामुळे खेळाडू स्वतःलाच दोष देतो किंवा शाबासकी देतो. इतिहासात मात्र नियम कोणी बनवले तेच आधी शोधावं लागतं.

दुसरा धोका खलनायकाचा. बहुतेक फँटसी गेममध्ये बर्फ हा शत्रू असतो आणि उत्तरेकडून येतं ते संकटच. तिथे कोणाचं घर आहे हे त्या नकाशात मावत नाही. ही चौकट बदलणारे गेमही आहेत. २०१४ चा 'नेव्हर अलोन' अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेने स्वतः पुढाकार घेऊन बनवला. इन्युपिआक भाषेत निवेदन असलेल्या या गेममध्ये एक मुलगी आणि पांढरा कोल्हा हिमवादळाचं मूळ शोधायला निघतात. थंडी तिथेही जीवघेणी आहे, पण ती ओळखीची आहे. २०२२ मध्ये आलेला 'इनुआ' हा गेम तर थेट फ्रँकलिन मोहिमेच्या प्रेरणेने बनलाय आणि बर्फातल्या जुन्या आत्म्यांच्या नजरेतून ती गोष्ट सांगतो.

आता जमेची बाजू. पडलेल्या वस्तूंवरून गोष्ट जुळवायची सवय चाहत्यांना पुराव्यापर्यंत घेऊन जाते, आणि इथे पुरावा इनुइटांच्या बाजूने आहे.

इनुइट बरोबर होते, हे कसं सिद्ध झालं?

टप्प्याटप्प्याने.

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी किंग विल्यम बेटावरच्या एरेबस उपसागरात मिळालेल्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. जॉन रे यांना मिळालेली माहिती खरी होती.

सप्टेंबर २०१४ मध्ये 'एरेबस' समुद्रतळाशी सापडलं. बुडालेल्या जहाजाबद्दल इनुइट पिढ्यान् पिढ्या ज्या भागाचं नाव सांगत आले होते, त्याच भागात.

सप्टेंबर २०१६ मध्ये 'टेरर' सापडलं. शोधनौकेवर असलेले सॅमी कोगविक या इनुइट शिकाऱ्याने काही वर्षांपूर्वी एका उपसागरात बर्फातून वर आलेलं डोलकाठीसारखं लाकूड पाहिलं होतं. त्यांनी सांगितल्यावर नौका तिकडे वळली.

या सगळ्यामागे लुई कामुकाक यांच्यासारख्या माणसांचं आयुष्यभराचं काम आहे. उक्सुक्तुक इथले हे इनुइट इतिहासकार. वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी त्यांनी दशकानुदशकं टिपल्या आणि जुन्या ब्रिटिश नोंदींशी ताडून पाहिल्या. मार्च २०१८ मध्ये, 'द टेरर' पडद्यावर येण्याच्या तोंडावर, त्यांचं निधन झालं.

आणि मग २०२४ मधली ती दाढ. फिट्झजेम्स यांचा जन्म विवाहबाह्य संबंधातून झाला होता आणि ही गोष्ट त्यांच्या हयातीत झाकली गेली होती. नंतरच्या संशोधनातून त्यांचे वडील गॅम्बिअर घराण्यातले असल्याचं पुढे आलं. दाढेतल्या डीएनएशी जुळवायला त्याच घराण्यातल्या वंशजाचा नमुना लागला, आणि तो वंशज मिळवून देण्यात फिट्झजेम्स यांच्या चरित्रावर काम करणाऱ्या एका संशोधिकेचा वाटा होता. प्रयोगशाळेला जे एकटीला जमलं नसतं, ते एका माणसाच्या मागे लागलेल्या वेडाने जमवलं.

त्याआधी २०२१ मध्ये 'एरेबस'वरचे इंजिनिअर जॉन ग्रेगरी यांची ओळख अशीच पटली होती. डीएनएने ओळख पटलेले ते या मोहिमेतले पहिले.

चाहत्यांना बातमी ऐकून धक्का का बसला?

मालिकेत एक प्रसंग आहे. मरणाच्या दारात असलेले फिट्झजेम्स क्रोझिअर यांना सांगतात की माझं शरीर माणसांच्या पोटासाठी वापरा. क्रोझिअर तसं करत नाहीत, त्यांना सन्मानाने दगडांखाली पुरतात. प्रेक्षकांचा बांध फुटतो तो इथे.

सहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी सांगितलं की प्रत्यक्षात ते झालंच होतं. त्यांना कोणी पुरलं होतं की नाही ते माहीत नाही, पण त्यांच्या जबड्यावर सुरी चालली होती.

१८५४ मध्ये अशीच बातमी आली तेव्हा इंग्लंडमधल्या चाहत्यांनी सांगणाऱ्यालाच खोटं पाडलं. २०२४ मध्ये तसं घडलं नाही. ज्यांनी त्या पात्राची चित्रं काढली होती त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी शोधनिबंध उघडून वाचला. नरभक्षण म्हणजे राक्षसीपणा हा डिकन्स यांचा अर्थ फारसा कोणी लावला नाही. टोकाच्या भुकेने काय होतं ते त्यांनी समजून घेतलं. कप्तानाचं पद आणि हुद्दाही शेवटी कोणाला वाचवू शकला नाही, हे त्या हाडाने दाखवलं. इथे गेम आणि मालिकेने तयार केलेली जवळीक कामी आली. पुतळा असता तर त्यावरचा डाग सहन झाला नसता, पण हा आता माणूस झाला होता.

याचा आजच्या राजकारणाशी काय संबंध?

बराच आहे. 'एरेबस' सापडल्याची घोषणा २०१४ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी स्वतः केली. आर्क्टिकचा बर्फ वितळतोय आणि फ्रँकलिन ज्या मार्गासाठी मेले तो आता उन्हाळ्यात जहाजांना खुला होऊ लागलाय. कॅनडा म्हणतो, हे आमचं अंतर्गत पाणी. अमेरिका म्हणते, ही आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी. २०२५ मध्ये ग्रीनलंडवरून अमेरिका आणि डेन्मार्क यांच्यात जाहीर ताणाताणी झाली. अशा वेळी इथे आधी कोण होतं याला थेट वजन येतं, आणि आधी इनुइट होते.

म्हणूनच दोन्ही जहाजांच्या अवशेषांची देखभाल आज कॅनडा सरकार इनुइटांसोबत मिळून करतं. परवानगीशिवाय तिथे कोणाला जाता येत नाही. उन्हाळ्यात पहारा देणारे रक्षक उक्सुक्तुकचे इनुइट असतात. चाहता कितीही कट्टर असला, तरी त्या पाण्याचे यजमान ते आहेत.

भारतही या भागात आता पाहुणा म्हणून जातो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्को द गामा इथे आहे आणि २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये 'हिमाद्री' हे भारताचं आर्क्टिक केंद्र चालतं. मराठी तरुणांपर्यंत मात्र ध्रुव पोहोचतोय तो बहुतेक गेमच्या पडद्यावरून. वाट तीच असली तरी हरकत नाही, पुढे कुठे जायचं ते महत्त्वाचं.

मग हे वेड चांगलं की वाईट?

गेम खेळून इतिहासाकडे येणाऱ्याला हिणवायचं काही कारण नाही. अमुंडसेनही एक पुस्तक वाचूनच आले होते. खोटी गोष्ट खऱ्या गोष्टीपर्यंत घेऊन जाऊ शकते, हे या चाहत्यांनी दाखवलंय.

पण कसोटी सोपी आहे. आवडत्या नायकाबद्दल न आवडणारी गोष्ट समोर आली, आणि ती सांगणारा माणूस आपल्या ओळखीचा, आपल्या भाषेचा, आपल्या बाजूचा नसला, तर आपण ऐकतो का? इंग्लंडने १८५४ मध्ये ऐकलं नाही आणि त्याची दुरुस्ती व्हायला जवळपास दीड शतक गेलं.

एरेबस उपसागराच्या त्या किनाऱ्यावर किमान तेरा माणसांची साडेचारशेच्या आसपास हाडं मिळाली होती. त्यातल्या एका कप्तानाला आता नाव आहे. बाकीची अजून निनावी आहेत. त्यांच्यावर मालिकेत संवाद नाहीत, चाहत्यांनी काढलेली चित्रं नाहीत. ते सगळे तिथेच, एका स्मारकाच्या दगडांखाली एकत्र ठेवलेले आहेत. त्यांना नाव मिळायचं तर कुठल्या तरी घरातल्या वंशजाने आपला नमुना द्यायला हवा, आणि त्याआधी कोणीतरी त्या घरापर्यंत पोहोचायला हवं.